धाकट्याचं पाणी

पंडितला मुतखडा झाल्याची बातमी पसरली तेव्हा वाडीला जरा बरंच वाटलं. दोन महिने माणसं पाण्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. हा विषय निदान खड्याचा होता.

बातमी चौसाळ्याच्या दवाखान्यातून आली. पंडित आणि त्याची बायको छबुबाई एसटीनं तिकडं गेले होते. डॉक्टरनं पंडितच्या पोटावर गार, चिकट काहीतरी लावून मशीन फिरवलं, पडद्याकडं बघितलं आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"तहान लागली की पितो."

"तहान कधी लागते?"

पंडितनं छबुबाईकडं बघितलं.

"सांजच्याला," ती म्हणाली. "कवा कवा लागतच न्हाई."

डॉक्टर हात पुसत म्हणाला, "खडा अजून बारीक आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढा. लघवी निवळ होईपर्यंत पाणी पीत राहिलात तर वाहून जाईल. नाहीतर अडकेल. मग बीडला जाऊन काढावा लागेल, आणि यंदा ऊसतोडीचं नाव घ्यायचं नाही."

छबुबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावर वाहते. त्यातलं एक आडवं पडलं की दुसऱ्याला कुणी विचारत नाही. मुकादम आप्पारावचा ट्रक दिवाळी झाली की निघणार होता, आणि पोटात कळ येणाऱ्या माणसाला आप्पाराव ट्रकच्या फाळक्याला हातसुद्धा लावू देत नसे. रानात बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. कारखान्यावर गेलं नाही तर वर्षभर खायचं काय, याचं उत्तर घरात कुणाकडं नव्हतं.

"कंचं पिऊ?" पंडितनं विचारलं. "नळाचं का बाटलीचं?"

"नळाचं उकळून, गाळून प्या. जारचं प्या. बाटलीचं प्या. खडा काही लेबल वाचत नाही. पण प्या."

प्या म्हणणं सोपं होतं. पंडितच्या पिण्यात त्याचा धाकटा भाऊ आडवा आलेला होता.

धाकट्याचं नाव शहादेव. दोघांची वाटणी झाली त्याला बरीच वर्षं झाली होती. वाटणीत थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, ही गावची रीत. थोरल्यानं लबाडी करू नये म्हणून जुन्या माणसांनी ती घालून दिली असावी. पंडितनं तरीही एक अख्खा उन्हाळा विचार केला. ओढ्याकाठचं काळं रान त्याला स्वतःला हवं होतं. उरलेला माळ असा होता की शेरडं तिथून चरून आली की दमलेली दिसत. म्हणून त्यानं माळाच्या वाट्यात बैलजोडी घातली, पत्र्याचं शेड घातलं, आणि वर वडलांचं मनगटी घड्याळ ठेवलं. घड्याळ बंद होतं. पण शहादेव लहानपणापासून त्याच्यावर डोळा ठेवून होता.

पंचांसमोर शहादेवनं काळ्या रानाकडं बघितलं, माळाकडं बघितलं, घड्याळ उचलून कानाला लावलं आणि म्हणाला, "हा वाटा माझा."

त्या दिवशी पंडित दोन भाकरी जास्त जेवला. पुढं कित्येक वर्षं तो शहादेवशी फार मायेनं बोलत असे.

मग दुष्काळाची वर्षं लागली. काळ्या रानातली विहीर आटली, बोअर घेतला तर त्यातून फुफाटा निघाला, तोही थोडाच. आणि एक दिवस दुसऱ्याच्या शेतात निघालेली बोअरची गाडी वाट चुकून शहादेवच्या माळावर रुतून बसली. गाडी निघेना. ड्रायव्हर म्हणाला, बसलोच आहोत तर एक भोक पाडू का? शहादेव म्हणाला, पाड. सांजच्याला माळावर पाणी झाडाएवढं उंच उडत होतं आणि ड्रायव्हर खाली अंघोळ करत होता.

शहादेवनं पहिला तांब्या भरून थोरल्याकडं आणला. पंडितनं तो घेतला नाही. बांधावरची माती मुठीत धरून, गोळा झालेल्या माणसांसमोर तो म्हणाला, "आजपासून तुझ्या घरचं पाणी मला हराम हाय."

"कावून, दादा?" शहादेवनं विचारलं.

त्याला काय सांगणार? स्वतःच घातलेल्या वाट्यावर माणूस भांडूही शकत नाही. पंडितनं माती खाली टाकली, हात झटकले आणि तो घरी गेला. तांब्या धरून शहादेव थोडा वेळ उभा राहिला आणि मग तोही गेला.

इथवर चालून गेलं असतं. पण गावची दूध सोसायटी दुष्काळात बसली. जनावरं छावणीला गेली, दूध संपलं, आणि इमारत, मोटार आणि चेअरमनची खुर्ची तेवढी उरली. तेव्हा सभासदांनी ठराव करून तिथं फिल्टर बसवला, शहादेवच्या बोअरवरून पाइप ओढला आणि जार भरून विकायला सुरुवात केली. पाटीवरच्या 'दूध' या शब्दावर रंग मारून 'पाणी' लिहिलं. गाय मात्र चांगली काढलेली होती म्हणून तशीच ठेवली. गावातली टवाळ पोरं म्हणत, सोसायटीचा धंदा तोच आहे, फक्त आधी मिसळून विकायचे, आता सुटं विकतात. पंडित या सोसायटीचा पंधरा वर्षं सभासद होता. सभेत त्याला शेवटच्या रांगेतली, पाय हलणारी खुर्ची मिळे. शहादेव पहिल्याच सभेत चेअरमन झाला.

तर जार म्हणजे शहादेव. राहिला नळ.

"नळ सरकारचा हाय," दवाखान्यातून आल्यावर पंडितनं छबुबाईला बजावलं. "त्याच्यात कुणाच्या बापाचं काई न्हाई."

छबुबाईनं नळाचं पाणी उकळलं, जुन्या धोतराच्या फडक्यानं गाळलं, माठात ओतलं. पंडित ओसरीवर बसला. दोन्ही भावांच्या ओसऱ्यांमध्ये एकच भिंत होती, म्हणून तो जरा आवाज करूनच प्यायला. एक तांब्या संपला. दुसरा संपला. तिसऱ्याचा पहिला घोट तोंडात असताना देवळावरचा भोंगा खरखरला आणि सरपंच अर्जुनराव बोलू लागले.

"गावकऱ्यांना कळवण्यात येतं की आपला तलाव आटलेला हाय. तरी पण काळजी नसावी. आपले शहादेवराव, त्यांनी लई मोठ्या मनानं आपला बोअर गावाला दिलेला हाय. आज सकाळी नळाला जे पाणी आलं ते शहादेवरावांचं हाय. सर्वांनी जपून वापरावं."

बोअर तहसीलनं दुष्काळापुरता ताब्यात घेतला होता, त्यात मनाचा प्रश्नच नव्हता. पण अर्जुनरावांना भोंग्यावर मन आवडत असे.

पंडित गाल फुगवून बसून राहिला. आधीचे दोन तांबे माहीत नसताना गेले होते, ते त्यानं सोडून दिले. प्रश्न तोंडातल्या घोटाचा होता. गिळावा तर शपथ मोडते. अंगणात थुंकावा तर शहादेवचं पाणी आपल्या जमिनीत मुरतं. तो उठला आणि रस्त्याला लागला.

"जेवलास का बे?" पारावरच्या सुंदररावानं विचारलं.

पंडितनं मान हलवली.

"काय होतं कालवणाला?"

पंडितनं हातानंच काहीतरी दाखवलं. सुंदररावाला ते वांगं वाटलं. पुढं जाऊन पंडित शहादेवच्या कुंपणाशी थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि तो घोट कुंपणाच्या आत सोडला. ज्याचं त्याला परत केलं. घरी येताना त्याला कळ आली, पण ती खड्याची नव्हती. 'शहादेवराव' मधल्या 'राव'ची होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं बाटली धरली. चौसाळ्याहून कुणी येणार असलं की त्याच्याकडून सीलबंद बाटल्या मागवायच्या. ओढा खोल करण्याचं रोजगार हमीचं काम चालू होतं; तिथं बाकीचे कळशीत पेला बुडवायचे आणि पंडित टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढायचा. बाटली पुरावी म्हणून तो बुचानं प्यायचा. एक बूच तोंडात टाकायचं, डोळे मिटायचे, आणि पुन्हा टिकाव उचलायचा.

"पंडितशेठ, वास तरी घेऊ द्या की," एक जण म्हणाला.

"त्याला वास नसतो बे."

"मग पैसे कशाचे देता?"

माणसं हसली. पंडितनं टिकाव मारला. मुरुम इतका कडक होता की टिकाव वर उडाला आणि दांड्याची थरथर पाठीपर्यंत गेली. ऊन डोक्यावर आलं. अंगावरचा घाम बाहेर येता येताच वाळत होता, सदऱ्यावर मिठाचे नकाशे उमटले होते, आणि बाटलीतलं पाणी चहाएवढं तापलं होतं. त्याची लघवी आता हळदीसारखी होत होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

याच्यापेक्षा वाईट गोष्ट घरात घडत होती. छबुबाई जारचं पाणी पीत होती.

चोरून नव्हे, उघड. सकाळी भांडी झाली की ती भिंतीपलीकडं जायची. शहादेवची बायको शिवकन्या तिच्यासमोर स्टीलचा पेला ठेवायची. जार उलटा करून ठेवलेला असे. तोटी दाबली की पोटातून मोठा बुडबुडा वर जाई. तो आवाज पंडितला ओसरीवर ऐकू येई. मग छबुबाईच्या घशाचा आवाज. नवराबायकोच्या इतक्या वर्षांत त्यानं तो कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. आता ऐकताना त्याची मान आपोआप भिंतीकडं लांब होत असे.

तिच्या ओठांची सालं गेली. दुपारचं डोकं धरणं थांबलं. एके दिवशी मोळीभर सरपण घेऊन ती गुणगुणत आली, तेव्हा पंडितला राहवलं नाही.

"तुला लाज न्हाई वाटत?"

"शपथ तुमी घेतली, मी न्हाई. आन् फडात मी पाणी पीत नसते ते येगळं. तिथं बाईमाणसाला आडोसा नसतो म्हणून दिस-दिस घसा कोरडा ठिवते. हितं आडोसा हाय, पाणी हाय. कावून नगं पिऊ?"

पंडितनं खाली बघत विचारलं, "कसं लागतं?"

"कसं म्हंजी?"

"चवीला."

"पाण्यासारखं."

हे त्याला पटलं नाही. त्याची खात्री होती की ते गोड असणार, आणि सगळे मिळून त्याच्यापासून लपवत आहेत. भिंतीपलीकडं शिवकन्या कपडे धूत होती. तिच्या बादलीतलं पाणी फेकल्याचा आवाज आला आणि पंडितनं दात आवळले.

"आज आप्पाराव आलते," छबुबाई चुलीत काटक्या सारत म्हणाली. "म्हणले, मालकाची तब्येत कशी हाय. मी म्हणलं, ठणठणीत. मला खोटं बोलाय लावू नगा. कोयत्याला मूठ मी बसवून ठिवली, तुमचं बरं व्हायचं तेवढं बाकी हाय."

"जमंल."

"पाण्याबिगर?"

"बाटली हाय ना."

"बुचानं वलं व्हायला तुमी काय रोपटं हाय का?"

दोन दिवसांनी ओढ्यात घमेलं उचलताना पंडित तसाच पुढं गेला आणि कपाळ मुरुमावर टेकवून थांबला. लोकांना वाटलं, काहीतरी शोधतोय. मग त्याच्या तोंडातून बैलासारखा आवाज निघाला. त्याच कामावर असलेली छबुबाई घमेलं टाकून धावली. त्याचे पाय पोटाशी आले होते, घामानं माती चेहऱ्याला चिकटली होती, आणि तो कुणालाही अंगाला हात लावू देत नव्हता.

गाडी एकच होती. मजुरांसाठी जार घेऊन आलेला सोसायटीचा छोटा टेम्पो. चालवायला चेअरमन स्वतः, कारण ड्रायव्हर कालच दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत गेला होता.

"त्याच्या गाडीत न्हाई," पंडित जमिनीला म्हणाला.

"दादा, शपथ पाण्याची हाय. गाडी डिझेलवर चालती," शहादेव म्हणाला, आणि चौघांनी पंडितला उचलून भरलेल्या जारांच्या मध्ये आडवा केला. छबुबाईनं एक जार त्याच्या डोक्याखाली सरकवला. चौसाळ्यापर्यंत रस्त्याला जितके खड्डे होते तितक्या वेळा सगळे जार एकदम खदखदले. भावकी जमून हसावी तसा तो आवाज होता, आणि पंडितच्या एका कानाला तो फार जवळून येत होता.

दवाखान्यात कळ मारायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावली. पण सलाईनचा स्टँड दुसऱ्या पेशंटकडं होता. दुष्काळात खड्याचे पेशंट वाढले होते, स्टँड वाढले नव्हते. भिंतीला एक खिळा होता, त्यावर डॉक्टरच्या वडलांचा हार घातलेला फोटो होता. तो काढा असं म्हणायला कुणी धजेना.

"द्या हिकडं," शहादेव म्हणाला, आणि सलाईनची बाटली हातात उंच धरून तो खाटेशेजारी उभा राहिला.

कळ हळूहळू खाली बसली. पंडितनं डोळे उघडले. वर धाकट्याचा हात, हातात बाटली, बाटलीतून थेंब, थेंब नळीतून आपल्या शिरेत. तो दचकला.

"हे कुणाचं हाय?" त्यानं सिस्टरला विचारलं.

"काय?"

"पाणी."

"कंपनीचं."

पंडितनं अंग सैल सोडलं. शिवाय शपथ तोंडाची होती, शिरेची नव्हती.

डॉक्टर आला, पोट दाबून बघितलं. "ही सलाईन संपेपर्यंत तोंडानं पाणी सुरू झालं पाहिजे. पेल्यानं. सारखं. उद्या सकाळपर्यंत लघवी मोकळी झाली तर ठीक. नाहीतर बीडची चिठ्ठी देतो."

छबुबाई समोरच्या दुकानातून सीलबंद बाटली घेऊन आली. पंडितनं सवयीनं बूच पुढं केलं. तिनं ते हातातून काढून घेतलं आणि हट्टी पोराकडं बघावं अशा नजरेनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं बाटलीला तोंड लावलं, दोन घोट घेतले आणि शिल्लक किती आहे ते उजेडात धरून पाहिलं.

शहादेवनं हात बदलला. थोड्या वेळानं पुन्हा बदलला. सकाळपासून तो जार उतरवत फिरत होता. ओठ पांढरे पडले होते, वर धरलेल्या दंडाला कापरं भरलं होतं. सलाईनचे थेंब त्या तालावर हलत पडत होते.

"भाऊजी, दोन घोट घ्या," छबुबाईनं बाटली पुढं केली.

"नगं, वैनी."

"अवं, घ्या. तोंड बघा कसं सुकलंय."

"ती दादाची बाटली हाय."

"मग?"

शहादेव फोटोकडं बघत म्हणाला, "दादा बांधावर म्हणला तवा मी बी मनात म्हणलं. ह्याच्या घरचं मी बी पिणार न्हाई."



"कवा म्हणलास?" पंडित कोपरावर उठला. "मला आयकू न्हाई आलं."

"मनात म्हणलं."

"पंच कोण होतं?"

"मनात म्हणायला पंच कशाला?"

पंडितनं आठवून बघितलं. "आईच्या वर्षश्राद्धाला आलतास की. पंगतीला बसलतास."

"जेवलो. पाणी घरी जाऊन पिलो."

"बुंदी कोरडी झालती त्या दिशी."

"लई," शहादेव म्हणाला. "नरड्यात अडकलती. पळत गेलतो."

पंडित परत आडवा झाला. खड्याची कळ गेली होती, ती जागा आता दुसऱ्या कशानं तरी भरली. त्यानं स्वतः शपथ घेतली ती गाव गोळा करून. पाळली ती गावाला दाखवून, टॉवेलात गुंडाळून. आणि ह्यानं तीच शपथ अशी पाळली की बायकोलाही कळलं नसेल. गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं नसेल. बोअर ह्याचा, नळ ह्याचा, खुर्ची ह्याची, आणि आता शपथसुद्धा ह्याचीच चांगली निघाली.

छबुबाई उठली. खाली जाऊन टेम्पोतला एक जार तिरपा करून तिनं पेला भरून आणला आणि येऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली. एका हातात नवऱ्याची बाटली, दुसऱ्या हातात दिराच्या जारचा पेला. "मला हात दोनच हायत," ती म्हणाली. "आन् त्या आप्पारावाचा ट्रक एकच."

शहादेवनं तिच्या हातातल्या बाटलीकडं बघितलं. मग त्याचा रिकामा हात मांडीवरून सुटला आणि बाटलीच्या दिशेनं जरासा, अगदी बोटभर, पुढं आला.

पंडितनं ते बघितलं, आणि पुढचं सगळं त्याला एका क्षणात दिसलं. भोंगा खरखरतोय. अर्जुनराव घसा साफ करतायत. गावकऱ्यांना कळवण्यात येतं की आपले शहादेवराव, त्यांनी लई मोठ्या मनानं आपली शपथ मोडून थोरल्या भावाच्या घरचं पाणी पिलेलं हाय.

तो इतक्या झटक्यात उठला की नळी ताणली आणि शहादेवला सलाईनच्या बाटलीसकट पुढं वाकावं लागलं. पंडितनं छबुबाईच्या हातातला पेला हिसकला, तोंडाला लावला आणि एका दमात, श्वास न घेता, सदऱ्यावर सांडत संपवला.

"मी आधी," तो धापा टाकत म्हणाला. "छबे, तू बघितलंस. सिस्टर, तुमी बी बघितलं."

सिस्टरनं मान डोलावली. शहादेवनं छबुबाईच्या हातातली बाटली घेतली आणि खिडकीकडं तोंड करून तो प्यायला लागला. त्याचा दुसरा हात अजून वरच होता.

पंडितनं जीभ ओठांवरून फिरवली. कुणी चवीचं विचारेल म्हणून तो थोडा थांबला. कुणी विचारलं नाही.

"जरा मचूळ हाय," तो म्हणाला, आणि पेला पुन्हा पुढं केला.